मावशीचं गाऱ्हाणं

मला दोन आजार झाले. पहिला सगळ्या जगाला झाला होता, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखी माझी काही कामगिरी नाही. दुसरा मात्र खास माझा एकट्याचा, असं मी बरेच दिवस समजत होतो. पुढे कळलं की तोही अर्ध्या वॉर्डाला झाला होता, फक्त कुणी कुणाला सांगत नव्हतं. पहिल्या आजाराची गोष्ट मी इतक्या वेळा रंगवून सांगितली आहे की आता तिला टाळ्या पडतात. ही दुसऱ्याची. हिला टाळ्या पडण्यासारखं काही नाही, पण मधे मधे हसायला हरकत नाही. मीही हसतो.

मावशी कोण?

मी रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात ब्रदर आहे, म्हणजे पुरुष परिचारक. वय पन्नाशीच्या अलीकडे, पोट पन्नाशीच्या पलीकडे. मूळ गाव राजापूरच्या बाजूला. गावच्या नमनात मी मावशी करतो. नमन हा आमच्याकडचा खेळ. त्यात गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात आणि त्यांच्यापुढे असते नऊवारी नेसलेली, तोंडाळ, सगळ्या गावाची बिंगं फोडणारी मावशी. मिशी काढायची की ठेवायची यावर आमच्या वाडीत दर वर्षी वाद होतो. मी ठेवतो. मिशीवाल्या मावशीला लोक जास्त घाबरतात.

साथीच्या दुसऱ्या लाटेत ही मावशी वॉर्डात आली. त्याचं कारण आमचा पोशाख. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं प्लास्टिक, त्यामुळे आत डॉक्टर आहे, सिस्टर आहे की सफाईवाल्या मावशी, हे पेशंटला कळत नसे. चेहरा नाही, नाव नाही. उरला फक्त आवाज. म्हणून मी दारातूनच मावशीचा आवाज लावायचो, "अगो बायांनो, कुणाचा ऑक्सिजन घसरलाय गो? माझा तर पदरच घसरलाय!"

सातव्या खाटेवरचे अण्णा मास्कच्या आत हसायचे. अण्णा सावर्ड्याचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खाटेवर बसले तरी दोन्ही हात पुढे धरून बसायचे, गाडी चालवल्यासारखे. मला म्हणायचे, "मावशी, एक सांगतो. घाट लागला की पाशिंजरनी बोलत बसायचं. ड्रायव्हरने नाही."

"मग मी कोण, अण्णा?"

"तू पाशिंजर रे. फुकटातला."

आठवी खाट

मग मलाच ताप आला. आमच्या इन्चार्ज कदम सिस्टर. त्यांचा नवरा बोटीवर, सहा-सात महिन्यांनी घरी येणारा. सिस्टर कधी हसल्याचं कुणी बघितलेलं नाही. त्यांना एक गुडघा त्रास देतो, म्हणून त्या डावा पाय थोडा बाहेर वळवून उभ्या राहतात. तशाच उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, "विनायक, तुझा पॉझिटिव्ह आलाय. आठ नंबर रिकामा आहे. चादर मी बदलल्ये."

एवढंच सांत्वन. पण त्या दिवसांत इन्चार्ज सिस्टरने स्वतः चादर बदलणं म्हणजे पालखीतून नेण्यासारखं होतं.

रुग्णालयात इतकी वर्षं काढली, पण छत कसं आहे ते मला तेव्हा कळलं. आमच्या वॉर्डाच्या छताला ओल येऊन एक डाग पडला आहे, तो हुबेहूब मुळ्यासारखा दिसतो. मुळे म्हणजे शिंपल्यातले. मी त्या डागाकडे बघत पडायचो. सकाळी सुनीता, माझी बायको, गेटवर पेजेचा थर्मास ठेवून जायची. वर तिच्या अक्षरात माझं नाव. पेज आणि लोणच्याची फोड, यापुढे मला त्या दिवसांत दुसरी दया आठवत नाही.

अण्णा शेजारी होते. आता मी आडवा आणि ते माझी करमणूक करत होते. तोंडाने हॉर्न वाजवायचे, मग धाप लागायची, मग सिस्टर ओरडायच्या.

एका दुपारी अण्णांच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला. पडद्यामागचे आवाज मला सगळे ओळखू येतात, कारण ते करणाऱ्यांतला मी एक असतो. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा आडवा पडून ऐकले. करायचं ते सगळं झालं, वेळेवर झालं. काही चुकलं नाही, मी सांगतो ना. मग आवाज थांबले. पडद्याखाली दोन पाय दिसत होते, निळ्या पिशव्या बांधलेले. आवाज थांबल्यावरही ते पाय बराच वेळ तिथून हलले नाहीत.

मी बरा झालो. बाहेर पडताना लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी मावशीसारखा पदर सावरून दाखवला.

दार

रजा संपवून कामावर आलो. पोशाख चढवला, वॉर्डाच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. हलत नाही. दार नव्हे, हात. छातीत धडधड, कानात वारा. आत सातव्या खाटेवर आता दुसरंच कुणी होतं, हे मला ठाऊक होतं. तरी त्या हाताला पटेना.

मी मागे फिरलो आणि पहिल्या भेटलेल्या सिस्टरला म्हणालो, "स्टोअरला कुणी आहे का? नाही? मग मी बघतो." त्यानंतर मी स्टोअरमधला अत्यंत आवश्यक माणूस झालो. हातमोज्यांची खोकी रचण्यात माझा हात धरणारा कुणी उरला नाही. दार आलं की मला दुसरीकडे काम निघे.

हृदयच असणार, असं ठरवून मी आमच्याच डॉक्टरांकडून ईसीजीची पट्टी काढून घेतली. ते म्हणाले, "हृदय बैलासारखं आहे तुझं. झोप लागते का?"

मी मावशीच्या आवाजात म्हटलं, "झोप होय? ती माहेरी गेल्ये हो, अजून परत नाही आली!"

डॉक्टर खो खो हसले आणि मी सुटलो. ही माझी युक्ती होती, आणि ती कधी फसली नाही. कुणी "कसा आहेस?" विचारलं की मावशी उत्तर द्यायची. मावशी नेहमी छान असायची.

घरी मात्र सुनीता होती. ती पोफळीच्या वसाहतीत वाढलेली, वडील वीजघरात कामाला. एकदा भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, आमचे बाबा सांगायचे, यंत्र बंद पडलं तर कळतं. पण जास्त जोरात फिरायला लागलं तर आधी बाहेरच्यांना छान वाटतं."

मी लगेच सूर लावला, "अगो बाई, मी काय यंत्र आहे होय?"

तिने डाव ताटात ठेवला. "घरात मावशी नको. मला नवरा हवाय. कधी येणार आहे तो?"

त्यावर माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता. जेवण झालं, ती उठून गेली, ताट मीच घासलं.

मग मी मनाशी ठरवून टाकलं की नोकरी सोडायची. मेव्हण्याचा राजापूरला काजूचा कारखाना आहे, तिथे देखरेखीला माणूस हवा होता. काजू बरे. काजू ऑक्सिजन मागत नाहीत, रात्री नातेवाईकांचे फोन येत नाहीत, आणि भाजल्यावर कुणी विचारत नाही की शेवटी काय बोलले. मी हे सगळीकडे विनोद म्हणून सांगत सुटलो. आत मात्र एकच वाक्य घुमत होतं. जो ब्रदर दारातून आत जाऊ शकत नाही, तो कशाचा ब्रदर? आणि मावशी तरी कशाची? मुळात मी कुणाच्या उपयोगाचा?

आईला फोनवरून काहीतरी वास लागला असावा. म्हणाली, "बाळा, गावी ये एकदा. देवाला गाऱ्हाणं घालू तुझं." मी म्हटलं, रजा नाही. रजा होती.

सगळेच ठणठणीत

त्याच सुमारास समुपदेशक पाटील मॅडम आल्या. साथीत काम करणाऱ्यांच्या मनावर किती ताण आहे आणि त्यांना स्वतःची किंमत किती वाटते, हे मोजायला त्यांना पाठवलं होतं. कोल्हापूरकडच्या. प्रत्येकाला प्रश्नांचे दोन कागद दिले. 'आपल्याला उगाच भीती वाटते का?' 'आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का?' पुढे चार रकाने, कधीच नाही पासून सतत पर्यंत.

आठवड्याने त्या चहाच्या खोलीत आल्या, सगळे कागद हातात. "असं कसं हो? सगळ्यांनी सगळीकडं 'कधीच नाही'? ह्या साथीत? इतकी सुखी माणसं असतील तर मीच बदली करून घेते की इथं."

पाटील मॅडमनी एक कागद वर धरला. "आणि ह्यात शेवटी, 'आणखी काही सांगायचंय का' तिथं लिहिलंय, 'रुग्ण स्थिर'. हे कुणाचं?"

"माझं," कदम सिस्टर म्हणाल्या. "मग काय लिहायचं होतं?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही ह्या बायकांना कागद दिलात आणि पेन दिलंत. आम्ही आयुष्यभर कागद कसे भरतो माहीत आहे? ज्या रकान्यात खूण केली की डॉक्टरांना उठवावं लागत नाही, तो आमचा रकाना. नाडी ठीक, ताप नाही, रुग्ण स्थिर. हात आपोआप तिकडे जातो."

"पण हे पेशंटबद्दल नव्हतं. तुमच्याबद्दल होतं."

"तीच तर दुसरी अडचण," मी म्हणालो. "आमच्याकडे आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगायची पद्धत नाही."

मग मी त्यांना गाऱ्हाणं समजावलं. आमच्या गावात देवापुढे उभं राहून कुणी 'मला असं होतंय' म्हणत नाही. आपण नारळ घेऊन मान खाली घालून उभं राहायचं. बोलतो तो दुसराच कुणीतरी, गुरव किंवा गावातला जाणता. तो मोठ्याने सांगतो, महाराजा, ह्या लेकराला असं असं झालंय, ते दूर कर. आणि जमलेले सगळे म्हणतात, व्हय महाराजा! ज्याचं दुखणं त्याने फक्त तेवढंच म्हणायचं.

पाटील मॅडमनी कागद टेबलावर ठेवले. "मग घाला की एखादं."

आता मला असं सांगणं म्हणजे बोक्याला बांगडा दाखवणं. मी चहाचा कप नारळासारखा धरला. शिर्के सिस्टरकडे बघितलं. तिची मुलगी लहान, आजोळी ठेवलेली. मी सूर लावला.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्या ओरडल्या. ह्यात आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

"ही तुझी शिर्के सिस्टर. जिभेला हाड नाही, चहात साखर जास्त घालते..."

"व्हय महाराजा!"

"मेल्या, ब्रदर!" शिर्के हसत म्हणाली.

"पण महाराजा, हिची पोर व्हिडिओवर हिला बघून आजीच्या मागे लपते. ही म्हणते, बरं झालं, सवय होईल. घरी गेल्यावर पोरीचा फ्रॉक उशाला घेऊन झोपते. हिची पोर हिला ओळखू दे, महाराजा."

ह्या वेळी "व्हय महाराजा" जरा हळू आलं. शिर्केचं सगळ्यांत शेवटी आलं, आणि ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. तिच्यामागे दुसरी गेली. परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी हसत होत्या. मग प्रत्येकीला आपलं घालून हवं होतं. मी घातली. मी फार रंगात आलो होतो, हे कबूल करायला हवं. एकेकीची नक्कल, एकेकीचं दुखणं. सगळ्यांची दुखणी मला ठाऊक होती, कारण मावशी सगळ्यांत फिरते.

"झालं?" पाटील मॅडम म्हणाल्या. "आणि मावशीचं कोण घालणार?"

"मावशी छान आहे हो!" मी म्हटलं.

मावशीचं

कदम सिस्टर उठल्या. डावा पाय बाहेर वळवून उभ्या राहिल्या. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात त्याच सपाट आवाजात त्यांनी सुरुवात केली. सूर नाही, अभिनय नाही. मला नट म्हणून वाईट वाटलं.

"महाराजा. हा विनायक. सत्तेचाळीस वर्षांचा. दारापर्यंत येतो, आत येत नाही. झोप नाही. जेवण अर्धं. स्टोअरमधली खोकी मोजतो, ती आधीच मोजलेली असतात. काजूच्या कारखान्यात जायचं म्हणतो. सारखा हसतो." त्या थांबल्या. "त्याची बायको माझ्या घरी आली होती. माझ्याजवळ रडून गेली. म्हणाली, मला नवरा हवाय. महाराजा, मला ब्रदर हवाय. ह्याला वाटतं, आपण कुणाला नको आहोत. तसं नाही, हे ह्याला कळू दे."

कुणी ओरडलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण आता बोलायची पाळी माझी होती.

मावशीचं उत्तर तयार होतं. मला आजही ते तोंडपाठ आहे, फार चांगला विनोद होता. जिभेवर आला, तसाच थांबला. मी कपातल्या चहाकडे बघितलं. मग कुठूनतरी एक घोगरा, न वापरलेला आवाज आला. माझाच होता.

"व्हय महाराजा."

त्यानंतर काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की कपातला चहा सगळा माझ्या पॅंटवर सांडला, आणि कुणी हसलं नाही.

बरं होणं

पाटील मॅडमनी कागद पुन्हा वाटले. ह्या वेळी दोघींनी मिळून भरायचे, एकीने दुसरीचा. माझा शिर्केने भरला. "निरुपयोगी वाटतं?" तिने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत 'सतत'वर खूण केली. शाळेत मला कुणी इतके खरे गुण दिले नव्हते.

मग मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. नैराश्य आणि भीतीचा आजार, असं त्यांनी नाव सांगितलं. नाव कळल्यावर मला आश्चर्य वाटेल इतका हलकेपणा आला. नाव असलेल्या गोष्टीला औषध असतं, एवढं मला पेशानेच शिकवलं आहे. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडायचं, मग झोप माहेराहून परत आली, आधी थोडी, मग बरीच. पाटील मॅडमशी दर आठवड्याला बोलणं. त्यांनी एक नियम घातला होता: मावशीचा आवाज बाहेर ठेवून आत यायचं. पहिल्या बैठकीत मी जवळजवळ काहीच बोललो नाही. त्या म्हणाल्या, "छान झालं की आज."

घरी सुनीताला सांगायचं होतं. मी उगाच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती कुळथाची पिठी ढवळत होती. म्हटलं, "मी बरा नाही."

ती वळली नाही. ढवळत राहिली. म्हणाली, "आलात का? बसा, वाढते."

ज्यांना हा आजार झाला आहे आणि जे हे वाचत असतील, विशेषतः आमच्या पेशातले, त्यांना मला उपदेश करायचा नाही. मला उपदेश केलेला कधी पचला नाही. फक्त एक करा. स्वतःबद्दल सांगता येत नसेल, तर ज्याला तुमचं ठाऊक आहे त्याला सांगू द्या. आणि तो बोलेल तेव्हा विनोद करू नका. एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

सात नंबर

परत जायचा दिवस आला. पोशाख, हातमोजे, दार. मूठ धरली. धडधड होतीच. ती पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मागून कदम सिस्टर आल्या.

"विनायक, सात नंबरला सलाईन लावायचंय. म्हातारीची शीर सापडत नाही कुणाला."

सातच नंबर. दुसरा कुठला दिला असता तर मी पुन्हा उद्यावर ढकललं असतं, हे त्यांना माहीत असणार. "सिस्टर, मला..."

"आत ये. मग सांग."

मी आत गेलो. सातव्या खाटेवर एक आजी होती, हाताची नुसती काडी. मी खाली बसलो, तिचा हात माझ्या हातावर घेतला. आवाज कुठला लावायचा, हा प्रश्न पडला. मग कुठलाच लावला नाही. "आजी, मी विनायक. जरा टोचेल."

"टोच रे बाबा," ती म्हणाली. "सगळे टोचून गेले."

पहिल्या सुईत शीर मिळाली. मान वर केली तर समोर छतावर मुळ्याचा डाग. त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता, आठ नंबरचा ऑक्सिजन बघायचा होता. पाशिंजर नव्हतो मी आता, घाट चालू होता.

दुपारी चहाच्या खोलीत सगळ्या जमल्या होत्या. कदम सिस्टर नेहमीसारख्या उभ्यानेच चहा पीत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुमचं गाऱ्हाणं राहिलंय."

"मला काय झालंय? मी स्थिर आहे."

मी उठलो. नारळ नाही, कप नाही, मावशी नाही.

"महाराजा. ह्या कदम सिस्टर. नवरा बोटीवर. घरचं कुलूप बाहेरून ह्याच लावतात आणि ह्याच उघडतात. आमच्या सगळ्यांच्या चादरी ह्यांनी बदलल्या. अण्णा गेले तेव्हा पडद्याखाली दोन पाय दिसत होते, डावा बाहेर वळलेला. सगळे आवाज थांबल्यावरही ते तिथेच उभे होते. मी आठ नंबरवरून बघत होतो. महाराजा, त्या एकट्या उभ्या होत्या. ह्यांना बसायला सांग."

शिर्केने हळूच एक खुर्ची पुढे सरकवली.

कदम सिस्टरनी कप टेबलावर ठेवला. खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्या बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या खोलीत बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. 'महाराजा' म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. आम्ही थांबलो.